मुक्काम गोतिला

जतच्या पुढं, उमदीच्या अलीकडं,
जिथं कंडक्टर तिकीट मराठीत फाडतो
नि सुट्टे पैसे कानडीत मागतो,
तिथं माझं गाव.

गोतिला.

हसू नका. किंवा हसा.
हसलात तर थोडं कानडी येतं तुम्हाला,
एवढंच मला कळेल.

आप्पा सांगायचे ते असं:
सरकारी मोजणीचा कारकून आला तट्टावर बसून,
मागं साखळी ओढणारे दोघं, घामानं निथळलेले.
अख्ख्या माळावर एकच माणूस मेंढरांमागं,
घोंगड्याची खोळ घेऊन उभा.
"या स्थळाचे नाव काय?"
मेंढक्यानं आधी त्याच्या तोंडाकडं बघितलं,
मग तट्टाच्या,
आणि म्हणाला, गोत्तिल्ला.
म्हणजे, मला ठावं न्हाई.
कारकुनानं टाक बुडवला,
उन्हाच्या घाईत एक त गाळला, एक ल गाळला,
आणि आम्ही वसलो.

त्याच्याआधी गाव होतं का हो आप्पा?
गोत्तिल्ला, म्हणायचे,
आणि तंबाखूची चिमूट गालात सरकवायचे.

तसं आमच्या अंगाला नावांची कमी नव्हती.
साखळीवाल्यांनी जिथं जेवण सोडलं ती भाकरमोडी.
देवाची गाडी जिथं रुतली, बैल बसले, पुजारीही बसला, ते थांबलिंग.
पण त्यांना निदान काहीतरी झालं होतं.
आमच्याकडं फक्त एक प्रश्न आला
आणि तसाच परत गेला.

गलगली गुरुजींना हे मान्य नव्हतं.
फळ्यावर त्यांनी फोड केली: गोत्र अधिक इला.
इला म्हणजे पृथ्वी, मुलांनो.
परीक्षेत मी मेंढका लिहिला.
दोन मार्क गेले.

माझ्या लग्नाच्या पत्रिकेत
मगदूम छापखानेवाल्यानं वधूच्या गावापुढं टिंबं छापली.
फोनवर तुमच्या वडिलांनाच आठवेना, म्हणाला,
मला वाटलं, मागनं कळवतील.
कडेगावचं वऱ्हाड टिंबांच्या पत्त्यावर निघालं,
आणि पोचलं, जेवायच्या वेळेला बरोबर.

नाव बदलायची ग्रामसभा झाली.
बिरोबानगर म्हणाले काही, काही नवी उमदी,
सरपंचाचा पोरगा ग्रीन व्हॅली म्हणाला
तेव्हा शेळ्यासुद्धा उठून गेल्या.
शेवटी ठराव गेला तालुक्याला.
कुठं अडकलाय, विचारलं की
क्लार्क आमच्याच गावाचं नाव घेतो.

मग आप्पा विसरायला लागले.
चष्मा, चप्पल, थोरल्या मेंढ्याचं नाव.
मिरजेला नेलं.
डॉक्टरीणबाई हुबळीच्या, वयानं लहान, बोलायला गोड.
अज्जा, याव ऊर?
गोतिला, म्हणाले आप्पा.
तिनं कागदावर फुली मारली.
आज वार कुठला? गुरुवार, जतचा बाजार.
शंभरातनं सात सात उतरा.
आप्पा मेंढरं मोजल्यासारखे उतरले, एकही न चुकता.
परत विचारते अज्जा, ऊर?
परत गोतिला. परत फुली.
मी बिल भरून आले आणि सांगितलं सगळं,
कारकून, तट्टू, साखळी.
ती तोंडावर हात ठेवून हसली,
दोन्ही फुल्या खोडल्या.
आप्पाही हसले, जरा उशिरा.

पुढच्या वर्षी तीच खोली, तीच खुर्ची.
या वेळी तिनं माझ्याकडं बोट केलं.
अज्जा, या कोण?

आप्पांनी माझ्या तोंडाकडं बघितलं.
मग माझ्या पिशवीकडं.
बराच वेळ. बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं.

गोत्तिल्ला.

तिचं पेन कागदाच्या वर तसंच थांबलं.
ती माझ्याकडं बघायला लागली.

गाव सांगतायत, म्हटलं.
बरोबर आहे ते.

एक त मीच गाळला होता.